कानकाकूंचं स्टूल

...तर सासूबाईंनी नव्या सुनेला तळघराच्या तोंडाशी नेलं, तिथल्या तीन पायांच्या स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, "खाली तुझा नवरा गातोय. गाणं थांबलं की दोरी ओढायची. आणि काहीही झालं, आभाळ कोसळलं तरी, आपण खाली धावायचं नाही. समजलं?"

ही नवी सून म्हणजेच आपल्या कानकाकू. काल त्यांच्या लग्नापर्यंत आलो होतो आणि चहा आला म्हणून गोष्ट तिथेच राहिली. तेव्हा त्यांना कुणी कानकाकू म्हणत नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, कानाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेडफोन. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडचा माणूस जेवून बोलतोय की उपाशी, हे सांगायच्या. सासूबाईंनी मुलगी पाहायला गेल्यावर म्हणे स्वयंपाकाचं विचारलंच नाही. शेजारच्या खोलीत घड्याळ किती ठोके देतंय, एवढंच विचारलं. मुलगी म्हणाली, "घड्याळ नाही ते, नळ गळतोय." झालं! लग्न ठरलं.

एका सुनेच्या कानासाठी एवढा आटापिटा का, तर त्या घराचा धंदा वाइनचा. मोठा कारखाना वगैरे काही नाही. मागे द्राक्षांचा मळा, पुढे घर, घरालगत एक लांबलचक लाकडी जमिनीची खोली आणि त्या खोलीखाली तळघर. चिरडलेली द्राक्षं सालींसकट तळघरातल्या लाकडी हौदांत भरायची. तिथे ती आठ-दहा दिवस आंबतात, बुडबुडतात, आणि साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो. तो दिवसातून तीन वेळा लांब दांड्यानं खाली दाबावा लागतो, नाहीतर सगळा माल बिघडतो. आता गंमत अशी, की गंमत कसली म्हणा, आंबणाऱ्या रसातून एक वायू सुटतो. तो दिसत नाही. हवेपेक्षा जड, त्यामुळे पाणी साचावं तसा तळघरात साचत जातो. माणूस त्यात उभा राहिला की त्याला आधी डोळ्यांवर झापड आल्यासारखं वाटतं, मग वाटतं जरा टेकावं. टेकला की संपलं.

काकूंच्या सासऱ्यांचे दोन भाऊ असेच गेले. थोरला खाली कोसळला, त्याला उचलायला धाकटा धावला, आणि एका दुपारी घरातून दोन माणसं गेली. तेव्हापासून घराचा नियम पडला. उतरणाऱ्यानं कंदील गुडघ्याच्या उंचीवर धरायचा. बगलेखालून दोरी बांधायची, तिचं दुसरं टोक वरच्या रहाटाला. हा रहाट म्हणजे पिंपं तळघराच्या उतारावरून वर ओढायचा. आणि सतत गायचं; पुढे तळघराला पंखा बसला तोही, त्याच्या घरघरीत गाणं बुडतं म्हणून, माणूस खाली असताना बंदच. दिवा विझतो तो माणूस बघतोच असं नाही, पण गाणं वर ऐकू येतं. गुंगी चढतेय हे माणसाला स्वतःला सगळ्यात शेवटी कळतं. गाण्यात ते आधी उमटतं. श्वास तोकडा पडतो, ओळ मध्येच तुटते. वर बसणाऱ्याला तेवढं टिपता आलं पाहिजे.

काकूंनी ते टिपलं. लग्नाच्या दुसऱ्याच हंगामात नवरा खाली गात होता आणि त्यानं एकच ओळ तीनदा म्हटली. काकूंनी दोरीला दोन हिसके दिले. दोन हिसके म्हणजे वर ये. नवरा तणतणत वर आला, "अगं, आवडते मला ती ओळ! माणसानं आवडीची ओळ पुन्हा म्हणू नये की काय?" असं म्हणता म्हणता त्याचे गुडघे वाकले आणि तो दारातच बसला. त्या दिवसापासून त्या कानकाकू. पुढे तीसेक वर्षांनी नवरा गेला तो साध्या खोकल्याच्या दुखण्यानं, अंथरुणावर, बायकोशी बोलत. त्यांच्या घराण्यात हे भाग्यच समजायचं.

मग मुलगा तळघरात उतरू लागला. पोरगं कष्टाळू, पण गळा! सुराची आणि त्याची आयुष्यात गाठ पडलेली नव्हती. त्याची बायको म्हणायची, "वायूनं जाणार नाही हा, वायूच याला भिऊन निघून जाईल." काकू हसायच्या. अजून त्यांना ऐकू येत होतं.

पहिला झटका बसला तो असा. एका दुपारी मुलगा घाम पुसत वर आला आणि म्हणाला, "आई, नवीन गाणं होतं आज. कसं झालं?"

 काकूंनी नवीन गाणं ऐकलंच नव्हतं. जुनंही नाही. तो खाली असेपर्यंत त्या स्टुलावर बसून होत्या आणि खालून काही आलंच नव्हतं, आणि काही येत नाहीये हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. मन आपोआप रोजचं गाणं पुरवत होतं.

"खालच्या पट्टीत घे," त्या म्हणाल्या. मुलगा खूश झाला.

त्याच वेळी बोलल्या असत्या तर? पण नाही बोलल्या. त्या घरात स्वयंपाकघर सुनेचं, मळा सुनेचा, हौद आणि बाटल्या मुलाच्या. काकूंचं म्हणून एक स्टूल. ते गेलं तर सकाळी उठून करायचं काय? म्हटलं, सर्दी असेल, उद्या कान उघडतील. उद्या उघडले नाहीत. परवा सांगावं तर परवाबरोबर कालचंही सांगावं लागणार, की काल तू खाली होतास आणि मी वर बहिरी बसले होते. दिवस सरले तसं हे ओझं वाढत गेलं. समोर बसून कुणी बोललं तर काकूंना कळायचं, थोडं कानानं आणि बरंचसं ओठांवरून. लांबचं सगळं पुसलं गेलं होतं. दूध उतू जायचं, शिट्ट्या वाजून वाजून कुकर थकायचा. सून म्हणायची, "आई, हल्ली तुमचं लक्ष कुठे असतं?" काकू कपाळावर हात मारून म्हणायच्या, "विसरले बाई!" विसरभोळी ठरणं त्यांना परवडत होतं.

पण तळघराचं काय? तर काकूंनी चपला काढल्या. मुलगा दांड्यानं साली दाबायचा तेव्हा दांडा हौदाच्या काठावर आपटायचा. तो ठोका लाकडी खांबांतून वर चढून खोलीच्या फळ्यांत यायचा आणि काकूंच्या उघड्या तळपायांना लागायचा. धप्प... धप्प. "गार बरं वाटतं पायांना," असं सांगून त्या हंगामभर अनवाणी बसायच्या. पाय ऐकत होते. पण पायांना ठोका कळायचा, श्वास कळायचा नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज मुलगा उतरला की वर येईपर्यंत सुटका नाही. दिवसातून तीन वेळा.

मागच्या हंगामात ठोके लांबले म्हणून त्यांनी दोनदा दोरी ओढली होती. एकदा म्हणाल्या, जेवण निवतंय. एकदा म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांचा फोन होता, ठेवला त्यांनी. दुसऱ्यांदा मुलगा वैतागला. "आई, अशी उगाच दोरी ओढत जाऊ नकोस. एक दिवस खरंच ओढशील आणि मी म्हणेन, निवू दे जेवण."  त्यात भर म्हणून त्यानं वायू मोजायचं यंत्र आणलं होतं. ते हंगामात अखंड किंचाळायचं. शेवटी त्यानं त्यातली बॅटरी काढून ते खिळ्याला टांगलं आणि म्हणाला, "आई आहे ना वर. मला कशाला हवाय डबा?"

हे वाक्य काकूंच्या छातीवर धोंड्यासारखं बसून राहिलं.

आता त्या दुपारकडे येतो. मोठ्या रस्त्यावर मुलानं एक पाटी लावली होती, 'वाइन कशी होते पाहा, चाखा.' ती वाचून एक जोडपं आत आलं. चित्रकलेचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई; छोट्या लाल गाडीतून आठ दिवसांच्या फिरतीवर निघालेले. मास्तरांनी प्रवासासाठी जाड तळव्यांचे नवे बूट घेतले होते.

"यांच्या बुटांकडे लक्ष देऊ नका हं," बाई आल्या आल्या म्हणाल्या. "हे घेतल्यापासून आमचे मास्तर घरी येताहेत हे तिसऱ्या गल्लीतल्यांना कळतं."

मुलानं दोघांच्या पेल्यांत थोडी थोडी वाइन ओतली, भिंतीलगतच्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "दहा मिनिटं बसा. साली दाबून येतो, मग सगळं दाखवतो. ही आई. हिच्याशी बोला." दोरी बांधली, कंदील घेतला, उतरला. सून मजुरांबरोबर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

मास्तर कसले बसतात! पेला हातात घेऊन खोलीभर फिरू लागले. हे पिंप कशाचं, तो पट्टा कुणी ठोकला, वा, काय रंग आहे, आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर चार पावलं. धाड धाड धाड. काकूंच्या तळपायांत बाजार भरला. कुठला ठोका मुलाचा, कुठला बुटाचा, काही कळेना.

"मास्तर, बसा ना जरा," काकू म्हणाल्या.

"बसूनच आलोय हो, तीनशे किलोमीटर!" मास्तर म्हणाले आणि पुन्हा फिरू लागले.

"बाई, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"छत्तीस वर्षं सांगतेय," बाई म्हणाल्या. "अहो! बसा म्हणताहेत त्या."

मास्तर बसले. काकूंनी दोन्ही पाय फळीवर घट्ट दाबले. काही नाही. पहिल्या हौदावरून दुसऱ्यावर जाताना मुलगा जरा थांबतो, तेवढा वेळ धरला. काही नाही. तेवढ्यात मास्तर उठून खिडकीशी गेले, धाड धाड, आणि पुन्हा बसले. त्यांच्या पावलांच्या आड एखादा ठोका येऊन गेला असेल का? असेल. नसेल.  काकूंचा हात दोरीकडे गेला आणि तिथेच थबकला. ओढावी, आणि तो चिडून वर यावा, पाहुण्यांदेखत विचारावं, आई, आता काय निवतंय? मग काय सांगायचं? कुठली थाप उरली होती? आणि त्यानं एकदा नीट डोळ्यांत पाहिलं की सगळंच उघडं पडणार. नाही ओढावी, तर... त्या 'तर'पुढे त्यांचं मन जाईना.

शेवटी काकूंनी हसरा चेहरा केला. उसनं अवसान म्हणतात ना, ते. मास्तरांकडे वळून सहज विचारल्यासारखं विचारलं, "येतंय ना ऐकू गाणं?"

आता मास्तर पडले भिडस्त. त्यांना वाटलं, म्हाताऱ्या आईला लेकाचं कौतुक आहे, खाली तो गुणगुणत असेल, आपल्याला जरा कमी ऐकू आलं असेल. म्हातारीचं मन कशाला मोडा? ते पेला उंचावून म्हणाले, "येतंय तर! वा! काय गोड गळा आहे हो तुमच्या मुलाचा!"

काकूंचा जीव भांड्यात पडला. क्षणभरच. आणि मग मानेपासून टाचेपर्यंत सरसरून काटा आला.

गोड गळा? त्यांच्या मुलाचा? त्या पोराच्या गळ्याला जन्मात कुणी गोड म्हटलं नव्हतं. जन्मदात्रीनंही नाही. ज्यानं ते गाणं ऐकलं तो काहीही म्हणेल, गोड म्हणणार नाही. म्हणजे हा माणूस खोटं बोलतोय. म्हणजे यानं काहीच ऐकलेलं नाही.

काकू उठल्या आणि त्यांनी बाईंचे दोन्ही खांदे धरले. "बाई, तुम्ही सांगा. खरं सांगा. मला ऐकू येत नाही. खाली कुणी गातंय का?"

बाई दचकल्या. नवऱ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मान तिरपी करून ऐकलं. मग हळूच म्हणाल्या, "नाही हो. गाणं तर आम्ही आल्यापासून एकदाही ऐकलं नाही. दण दण काहीतरी वाजत होतं, तेही बंद झालं मघाशीच."

काकूंनी दोरीला दोन हिसके दिले. उलट दोन हिसके यायला हवेत. दोरी नुसती ताणली गेली, जशी भिंतीला बांधलेली असावी. पुन्हा दोन. काही नाही.

"मी बघतो!" मास्तर दाराकडे धावले. माणूस भिडस्त असला तरी भित्रा नव्हता. पण काकू दोन्ही हात पसरून दारात उभ्या राहिल्या. मास्तरांच्या छातीपर्यंत येणारी बाई, पण मास्तरांना पुढे पाऊल टाकता येईना.

"खाली नाही!"

"अहो, पण तुमचा मुलगा आहे तो!"

"माझाच आहे! म्हणून सांगतेय, खाली नाही! जाल तर तिथेच राहाल. रहाट धरा. बाई, ते भिंतीवरचं मोठं बटण दाबा, पंखा सुरू करा. मग बाहेर जा आणि दाराशी लोखंडी पत्रा टांगलाय तो बडवा. सून येईपर्यंत बडवा!"

रहाटाचा दांडा एका बाजूनं काकूंनी धरला, दुसऱ्या बाजूनं मास्तरांनी. पहिला वेढा बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला दोरी अडली. मास्तरांच्या मानेच्या शिरा फुगल्या, बूट फळ्यांवरून घसरले, दांडा जागचा हलेना.

"हौदाच्या कोपऱ्याला अडकलाय," काकू म्हणाल्या.  "एक वेढा सोडा. सैल सोडा. मी म्हणेन तेव्हा ओढा."

सैल सोडायची म्हणजे लेकाला पुन्हा खाली सोडायचं. त्यांनी सोडलं. दोरी एका कडेला ढकलली, पायानं दाबून धरली आणि ओरडल्या, "हं!" काहीतरी सुटलं. रहाट कुरकुरत फिरू लागला. तो आवाज काकूंना ऐकू येत नव्हता, हातांना कळत होता. चार वेढे, पाच, सहा. बाहेर बाई पत्रा बडवत होत्या. उताराच्या तोंडाशी आधी केस दिसले, मग एका बाजूला कललेली मान, मग खरचटलेले खांदे. कंदील खालीच राहिला होता, विझलेला.

मास्तरांनी आणि काकूंनी त्याला फरफटत बाहेर गवतावर नेलं. चेहरा राखेसारखा. काकू त्याच्या छातीवर कान ठेवायला वाकल्या आणि मध्येच थांबल्या. कान ठेवून काय उपयोग? त्यांनी तळहात ठेवला. तळहाताखाली काही हलत नव्हतं. मास्तर काहीतरी बोलत होते, काकू त्यांच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. तळहात तिथेच. त्यांना वाटलं, आपला हातही बहिरा झाला की काय.

मग छाती वर आली. एकदा. बराच वेळ काही नाही. पुन्हा आली, आणि पोरगं खोकलं. असं खोकलं, की मास्तर मटकन खाली बसले आणि रडायलाच लागले.

सून मळ्यातून धावत आली, हातात कात्री तशीच. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, गालावर चापट्या मारल्या. त्याला डोळे उघडायला बराच वेळ लागला. जीभ जड झाली होती.

"मी... लाजलो," तो म्हणाला. "वर पाहुणे होते. म्हटलं, यांच्यासमोर कुठे गायचं माझ्या आवाजात. म्हणून गायलोच नाही आज. आई ओरडली नाही. म्हटलं, मी का गात नाही ते आईला कळलं असेल."

"अहो, मी तर म्हटलं गोड गळा आहे," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "चुकलंच माझं."

"यांचं हे नेहमीचंच," बाई म्हणाल्या. हातात अजून पत्रा बडवायची सळई होती. "आयुष्यभर दुसऱ्याच्या मुलांच्या चित्रांना छान छान म्हणत आले."

 सून नवऱ्याकडे बघत होती. मग ती सासूकडे बघू लागली. गायलोच नाही आज. आई ओरडली नाही. या दोन वाक्यांची जोड तिच्या मनात बसत होती, ती तिच्या चेहऱ्यावर काकूंना सरळ दिसत होती. ओठ वाचणाऱ्या बाईला चेहरा वाचणं काय अवघड? काकूंना वाटलं, दुसरीकडे बघावं. नाही बघितलं. अनवाणी पायांनी, दोरीनं सोललेले हात मांडीवर ठेवून, त्या सुनेसमोर गवतावर बसून राहिल्या. इतकी वर्षं ज्या घटकेला भ्यायल्या, ती ही.

"आई," सून त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

आणि उत्तराची वाट न बघता तिनं मान खाली घातली, नवऱ्याच्या केसांतून हात फिरवत ती बोलतच सुटली. रागानं, रडत, स्वतःशीच बोलावं तसं. काकूंना फक्त तिचे हलणारे खांदे दिसत होते. त्या पुढे सरकल्या, सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड वर केलं आणि म्हणाल्या,

"तिसरा हंगाम चाललाय. आणि आता तुला जे काय बोलायचं असेल ते बोल, सगळं बोल. फक्त जरा मोठ्यानं बोल, तोंड माझ्याकडे करून."